गुलाबी थंडीचा हिशेब

ठाण्यात थंडी आल्याचं पंख्यावरून कळतं. पाचवरचा पंखा तीनवर येतो, मग दोनवर, आणि एका पहाटे घरातलं कोणीतरी झोपेत उठून तो बंदच करतं. सकाळी 'पंखा कोणी बंद केला' याची चौकशी होते, कोणी कबूल होत नाही. त्या दिवशी मी माहेरी फोन लावते.

"आण्णा, थंडी पडली का?"

लग्नाला बावीस वर्षं झाली, एक हिवाळा सोडला तर हा फोन कधी चुकलेला नाही. आण्णा मात्र सरळ 'हो' किंवा 'नाही' कधीच म्हणाले नाहीत. "पडली, पण गव्हापुरती," असं एका वर्षी म्हणाले. एकदा म्हणाले, "पडतीये. बागेला झेपंल एवढीच हाये अजून." आणि एका वर्षी नुसतंच, "घे, आईशी बोल." तेव्हा मी काय ते समजले आणि आईला भाजीचे भाव विचारत बसले.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास खांदे आक्रसून म्हणतो, "बाप रे, तिकडे थंडी फार ना!" त्याचं चुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत पेपराच्या पहिल्या पानावर एक चौकट येते आणि तिच्यात निफाडचा आकडा सगळ्यांत खाली असतो. सहा, पाच, कधी त्याहूनही कमी. थंड हवेचं ठिकाण म्हणून लोक महाबळेश्वरला जातात, पण तिथला पारा बऱ्याचदा आमच्यापेक्षा वरच असतो. डोंगरावर गार झालेली हवा जड होऊन उताराने खाली निघून जाते. सपाटीवरच्या आमच्या गावांना तशी सोय नाही. आमची गार हवा रात्रभर आमच्याच रानात बसून राहते.

आमचे बाबा, म्हणजे माझे आजोबा, हे सगळं एका वाक्यात सांगायचे. "आभाळ म्हंजी जमिनीची गोधडी." आभाळ भरून आलं की रात्री उकडतं, आणि आभाळ निवळलं की जमीन उघडी पडते. दिवसभर साठवलेली ऊब रात्रभर वर निघून जाते, अडवायला कोणी नसतं. हवा कोरडी असली आणि वारा पडलेला असला की मग विचारूच नका. बाबा चौथी शिकलेले. पुढे कॉलेजात भूगोलाच्या बाईंनी हेच फळ्यावर आकृती काढून शिकवलं तेव्हा मला वर्गात गोधडीच दिसत होती.

त्या गोधड्या आमच्याकडे ऑक्टोबरात बाहेर निघायच्या. वर्षभर लाकडी पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात दाबून ठेवलेल्या असत. ऑक्टोबरचं ऊन चांगलं भाजून काढणारं, आणि त्यात आजी अंगणातल्या खाटांवर एकेक गोधडी पसरायची. शेजारून जाणारा कोणीतरी म्हणायचाच, "काय आजी, एवढ्या उन्हात थंडी वाजती का काय?" आजी म्हणायची, "पावना यायच्या आधी अंथरूण काढावं. आल्यावर काढलं तर त्याला वाटतं, आपली वाट कोणी बघत नव्हतं." तिच्या जुन्या नऊवारी लुगड्यांच्या त्या गोधड्या. जड इतक्या की अंगावर घेतली की कुशीवर वळायचं म्हणजे कष्टाचं काम. आम्ही तिघं भावंडं एका गोधडीत झोपायचो. कडेला जो असेल त्याची पाठ रात्रभर उघडी. त्यामुळे मधल्या जागेवरून रोज भांडणं होत, आणि सर्वांत धाकटा असल्याच्या एकमेव कर्तबगारीवर ती जागा माझ्या भावाला मिळे.

थंडीची दुसरी खबर घेऊन यायचा तो धोबी पक्षी. चिमणीएवढा, राखाडी-पांढरा, आणि शेपटी सतत खालीवर, जशी काही दगडावर धुणं आपटतोय. पाऊस ओसरता ओसरता हा अंगणात दिसायला लागायचा. आजी त्याला परीट म्हणायची. "परीट आला, आता सुपं-चाळण्या काढा." त्याचा आणि सुपांचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. पण तो कुठून कुठून डोंगर ओलांडून येतो हे पुढे वाचलं, तेव्हा त्याने नेमकं आमचंच अंगण गाठावं याचा मला फार अभिमान वाटला होता.

निफाडच्या थंडीचा तो पेपरातला आकडा येतो कुठून, हे लहानपणी मला ठाऊक नव्हतं. तो येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती ही गव्हाची वाणं याच केंद्रातली. म्हणजे सगळा महाराष्ट्र ज्या आकड्याकडे बघून हुडहुडतो, तो आकडा गव्हाच्या घरी मोजलेला असतो, आणि गव्हाच्या घरी ही आनंदाची बातमी असते. गव्हाला थंडी लागतेच. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला पुढचे दोन महिने गारवा मिळाला की फुटवे भरपूर फुटतात, ओंबी लांब निघते. फेब्रुवारीत ऊन लवकर तापलं की दाणा भरायच्या आतच पिकतो आणि बारीक पडतो.

बाबांनी सारी हयात गहू केला. त्यामुळे त्यांचं आणि थंडीचं जमायचं. पहाटे घोंगडी डोक्यावर घेऊन ते गव्हाच्या कडेला उभे राहत, आणि थंडी जितकी कडक, तितके ते खूश. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून म्हणायचे, "आज गहू हसतोय." मला गहू दिसायचा, दवाने वाकलेला, पातीच्या टोकाला एकेक थेंब. हसतोय की रडतोय ते काही मला सांगता यायचं नाही.

मग आण्णांनी द्राक्षबाग लावली. सुरुवातीला दीड एकर, पुढे तीन. बाबांनी विरोध केला नाही, फक्त विहिरीकडची एक एकर पट्टी गव्हाला ठेवा म्हणाले. ती पट्टी आजही तशीच आहे, घरच्यापुरत्या गव्हाची. मध्ये एक बांध. बांधाच्या एका अंगाला थंडी हवी, दुसऱ्या अंगाला नको. आमच्या घरात एकाच पहाटे बाबा खूश आणि आण्णा चिंतेत, असं मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आई दोघांना सारखाच चहा द्यायची.

द्राक्षाचं थंडीशी वाकडं का, ते थोडं सांगायला हवं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला फळछाटणी होते आणि ऐन थंडीत घड वाढत असतात. पारा खूप खाली गेला की वेलीचं काम मंदावतं, मण्यांची फुगवण थांबते. पुढे मण्यात पाणी उतरायला लागलं आणि कडाका आला की मणी तडकतात. आणि एक विचित्र प्रकार होतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, असा मोठा फरक पडू लागला की थॉमसनसारख्या हिरव्या वाणाचे काही मणी गुलाबी पडतात. सगळे त्याला 'पिंक बेरी' म्हणतात. चवीला काही वाईट नसतात. पण बाहेरदेशी जाणाऱ्या पेटीत हिरव्या घडात गुलाबी मणी चालत नाही. व्यापारी घड हातात घेतो, फिरवून बघतो आणि काही न बोलता खाली ठेवतो.

एकदा मी माहेरी असताना टीव्हीवरची मुलगी लाडेलाडे म्हणाली, "राज्यात गुलाबी थंडीची चाहूल!" आण्णा जेवत होते. घास हातात तसाच ठेवून म्हणाले, "आमच्याकडं खरंच गुलाबी असती. दाखवू का बागेत चल." आम्ही सगळे हसलो, आण्णाही हसले. आई मात्र हसली नाही, कारण घरातले हिशेब ती लिहिते.

त्या शब्दावर माझाही जुना राग आहे. 'गुलाबी थंडी' हा शब्द ज्याने कोणी काढला त्याने उन्हाळ कांदा लावलेला नसणार. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे कांदेलागवडीची घाई असते. वाफा आधी पाण्याने भिजवून घेतात आणि त्या चिखलात बायका ओळीने बसून एकेक रोप बोटाने खोचत मागे मागे सरकतात. सकाळी आठला सुरुवात. पायात काही नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि हात मनगटापर्यंत गार गाळात. पहिल्या अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. रोप बोटात आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. मी शाळेत असताना रविवारी जायचे. दुपारी घरी येऊन हात चुलीपुढे धरले की त्यांच्यात जीव परत येताना जी कळ यायची ती आठवली तरी बोटं मिटतात.

पण खोटं कशाला बोलू, त्या वाफ्यांवर मी सुंदर सकाळीही पाहिल्या. साडेनऊ-दहाला ऊन वाफ्यांतल्या पाण्यावर उतरायचं आणि सगळं रान एकदम चकाकायचं. बायकांच्या पाठींवर ऊन आलं की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. तोवर सगळ्या गप्प. आधी सासवा निघायच्या, मग नवरे, आणि शेवटी गावातल्या कोणाकोणाच्या भानगडी, आणि तिथे पोहोचेस्तोवर माझ्याकडे बघून कोणीतरी म्हणायचं, "ए पोरी, जा, चहाची किटली घेऊन ये." किटली आणेपर्यंत भानगड संपलेली असे. थंडीच्या दिवसांतल्या किती तरी गोष्टी अशा माझ्या अर्ध्याच ऐकून झाल्या आहेत.

'ऊन खात बसणं' हा आपल्या भाषेतला मला फार आवडणारा प्रयोग. उन्हाळ्यात ऊन लागतं, बाधतं, हिवाळ्यात तेच ऊन खायचं. आणि खायचं ते कोवळं. शाळेत आम्ही प्रार्थनेला पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचो. त्यात भक्ती किती होती देव जाणे, पण सरस्वतीवंदना संपूच नये असं मनापासून वाटायचं. सगळ्यांचे गाल उललेले, ओठ फुटलेले, पायांना भेगा. ज्यांच्या घरी कैलास जीवनची डबी असे त्यांचे चेहरे पिवळट चकाकत. बाकीचे खोबरेल तेलावर भागवत, आणि तेही बाटलीत गोठून बसलेलं. बाटली चुलीजवळ ठेवायची, तेल पातळ व्हायची वाट बघायची, तोवर शाळेची घंटा.

खाण्याच्या बाबतीत मात्र आमच्या घरी थंडीवर एकमत होतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की चातुर्मासात बंद असलेली वांगी आणि कांदा पुन्हा सुरू व्हायचे. मार्गशीर्षातल्या त्या भरताला पुढच्या कुठल्याही भरताची सर येत नाही, आणि याला कारण वांगं नसून चार महिन्यांची वाट बघणं आहे हे मला ठाऊक आहे. आजीच्या वेळी चातुर्मास पाळला जायचा. माझ्या ठाण्याच्या घरी बारा महिने वांगी येतात, त्यामुळे चंपाषष्ठीचं भरीत हे नुसतं भरीत असतं.

संध्याकाळी गारठा वाढला की आई शेंगोळे करायची. कुळथाच्या पिठात लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळायचं, पाटावर हाताने वळून त्यांची बोटभर वेटोळी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. त्यांचं पीठ सुटून रस्सा दाट होतो. ताटलीत वाढलं की आधी वाफेत तोंड धरायचं, मग खायचं. नगर-नाशिककडच्या बाहेर शेंगोळे कोणाला सांगून कळत नाहीत. मी ऑफिसात डब्यात नेले होते, तर एक मैत्रीण म्हणाली, "हा आपला पास्ताच की!" तिला मी माफ केलं, पण पुन्हा शेंगोळे नेले नाहीत.

धुंधुरमासाचं एक जेवण आई अजून करते. सूर्य धनू राशीत असतो तो महिना, साधारण सोळा डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा. त्यातल्या एका दिवशी सूर्य उगवताना नैवेद्य आणि लगेच जेवण. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भरीत, गूळ. पहाटे चारला चूल पेटते. आम्ही मुलं गोधडीसकट स्वयंपाकघरात जाऊन चुलीच्या उबेला झोपायचो आणि थेट ताटावर जागे व्हायचो. एवढ्या सकाळी पोटभर जेवायचं म्हणजे वेडेपणा वाटतो. पण थंडीत रात्र मोठी, भूक पहाटेच लागते, आणि बाजरी-तीळ-लोणी हे सगळं अंगात ऊब धरणारं. ठाण्यात एका वर्षी मी हौसेने केलं. समोरच्या इमारतीमुळे आमच्या स्वयंपाकघरात सूर्य सव्वानऊला उगवतो. तोवर सगळे लोकल पकडून गेले होते.

हरभऱ्याच्या आंबीची गोष्ट मी शहरात ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांना ती थाप वाटली. हरभऱ्याच्या पाल्यावर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट रस पाझरतो. थंडीतल्या दवाबरोबर तो रस पानांवर साठतो. आजी रात्री स्वच्छ धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावर पसरवून यायची, पहाटे दवाने चिंब झालेलं ते धोतर पितळेच्या भांड्यात पिळायची. जे पाणी निघे ती आंब. बाटलीत भरून फळीवर ठेवायची आणि वर्षभर कोणाचं पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून. आंबट इतकी की डोळे मिटायचे. हरभऱ्यातून अनवाणी चाललं तर पायाच्या भेगांना ती झोंबते, म्हणून आम्ही मुलं बांधावरूनच डहाळे उपटायचो आणि शेकोटीत भाजून हुळा करायचो. तोंडं काळी, बोटं काळी, आणि घरी गेल्यावर 'आम्ही काही खाल्लं नाही' ही शपथ.

बाबांबरोबर मी रात्रीच्या पाण्यालाही गेले आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असं असायचं, आणि रात्रीची पाळी नेमकी कडाक्यात यायची. मोटर चालू करायची आणि एकेक वाफ्याला बारे देत फिरायचं. आज ही गोष्ट मी फार रंगवून सांगणार नाही, कारण आता आमच्या भागात उसातून बिबट्या निघतो आणि रात्री पाण्याला जाणाऱ्या माणसाच्या घरी कोणी झोपत नाही. माझ्या लहानपणी बिबट्या नव्हता, किंवा बाबा मला सांगत नव्हते. त्या रात्रींतलं एक सुख मात्र अजून अंगात आहे. विहिरीचं पाणी. बाहेर हात काकडलेले असत आणि पाइपातून पडणारं पाणी कोमट, वाफाळणारं. जमिनीखालच्या पाण्याला वरची थंडी लगेच कळत नाही. बाबा म्हणायचे, "पाय ठेव पाटात." मी ठेवायचे. आणि वर बघायचे.

तसं आकाश पुन्हा कुठे पाहिलं नाही. गोधडी काढून घेतलेलं आकाश. रात्री जेवणं झाली की पूर्वेला मृगाची चौकट वर आलेली असे, तिच्यामध्ये ओळीने तीन तारे, आमचं तिकांडं, आणि त्याच रेघेत खाली लखलखणारा व्याध. बाबांकडे घड्याळ नव्हतं. तिकांडं डोक्यावर आलं की मध्यरात्र झाली, पश्चिमेला कललं की पहाट. तोवर उत्तरेला बाजलं वर चढलेलं असे. पुस्तकातले सप्तर्षी ते हेच. चार तारे ही म्हातारीची खाट, म्हणजे बाजलं, आणि मागचे तीन चोर. म्हातारी झोपत नाही, म्हणून चोरांना खाट नेता येत नाही. म्हातारी का झोपत नाही, असं मी विचारलं तर बाबा म्हणाले, "तिच्या बी रानात रात्रीची लाईट असंल."

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गेले तेव्हा भावाच्या मुलीला घेऊन नांदूरमध्यमेश्वरला गेले. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा जुना बंधारा. गाळ साठून साठून पाणथळ झाली आणि पाखरांनी ती आपली मानली. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत तिला जागा मिळाल्याचं २०२० साली जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिलीच. आम्ही लहान असताना ते फक्त 'धरण' होतं आणि तिथे जायला बंदी होती, बुडाल म्हणून. आता चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरा आहे, गावातलीच पोरं दुर्बीण लावून पक्षी दाखवतात आणि भराभर नावं घेतात. थापट्या, तलवार बदक, गढवाल, चक्रांग. पाण्यावर सकाळचं धुकं होतं, त्यात ठिपके हलत होते. मग ऊन आलं आणि ठिपक्यांना रंग आले. चक्रवाकाची एक जोडी अगदी काठाशी होती, भाजलेल्या विटेच्या रंगाची.

"आत्या, हे कुठून येतात?"

मी म्हटलं, हे लडाख-तिबेटकडून, काही तर त्याच्याही पलीकडून, सैबेरियातून.

"इकडे का येतात?"

"तिकडे थंडी असते म्हणून."

तिने स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले हात बाहेर काढले, नाकाच्या लाल झालेल्या शेंड्याला लावले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात इतकी मोठी थाप मारलीच नसेल. त्या दिवशीच्या पेपरात निफाडचा आकडा राज्यात सर्वांत खाली होता. आणि समोर हजारोंनी पाखरं उबेला आलेली.

२६ नोव्हेंबर २०२३ ला आमच्याकडे गारा पडल्या. वेळ अशी की छाटण्या झालेल्या, घड धरलेले. संध्याकाळी आभाळ काळं झालं आणि मग जे झालं ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं. आमच्या तालुक्यात पानं उरली नाहीत, घड उरले नाहीत. त्या वर्षी मी 'थंडी पडली का' असं विचारायला फोन केलाच नाही. आण्णांचाच आला, आठेक दिवसांनी. म्हणाले, "तुझा फोन नाही आला." मी काहीतरी सारवासारव केली. मग म्हणाले, "आभाळ निवळलंय. पडंल आता." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच थंडीची वाट बघणं ऐकलं. ढगाळ हवा म्हणजे वेलीवर डाऊनी आणि भुरी हे रोग, रोज फवारणी, आणि वर गारांची टांगती तलवार. त्यापुढे कोरडी थंडी किती सरळ. जे काय करते ते समोरून करते, आणि रात्री येणार हे संध्याकाळीच सांगून ठेवते.

गेल्या जानेवारीत संक्रांतीला गेले होते. भोगीच्या आदल्या रात्री आण्णा जेवताना बाहेर जाऊन दोनदा आकाश बघून आले. वारा पडला होता, चांदण्या अगदी हाताशी. आई म्हणाली, "आज काय हे झोपायचे नाहीत." पहाटे तीनला दार वाजलं तशी मी उठले, शाल गुंडाळली आणि मागोमाग गेले. पूर्वी कधी नेलं नसतं. आता भाऊ नाशिकला असतो आणि आण्णा सत्तरीला आले, त्यामुळे 'घरात जाऊन झोप' असं म्हणायला त्यांनाही जड गेलं असावं.

बागेच्या कडेने छाटणीच्या काड्या आणि पाचटाचे ढीग आधीच करून ठेवलेले होते. आण्णा एकेक पेटवत गेले आणि मागून ओला पाला टाकत गेले, जाळ कमी आणि धूर जास्त व्हावा म्हणून. भावाने मोबाइलवरून ठिबक चालू केलं, नाशिकहून. विहिरीचं कोमट पाणी मुळांशी जायला लागलं. धूर वर जायचं नाव घेत नव्हता. खाली गार हवा, वर तिच्याहून जरा उबदार, त्यामुळे तो वेलींखाली माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पसरून तरंगत राहिला. बॅटरी मारली की पांढरी चादर दिसायची आणि तिच्यात लटकलेले घड. आण्णा त्या चादरीतून चालत होते तेव्हा कमरेच्या वरचे दिसत नव्हते. नुसते दोन पाय आणि एक खोकला.

बाबा सांगायचे की खरी थंडी तांबडं फुटताना चावते, आणि ते खरंच आहे. ऊन येऊन जमिनीला लागेपर्यंत तिची ऊब जातच राहते. साडेसहाला बोटांत बॅटरी धरवेना. आम्ही शेवटच्या ढिगाशी हात शेकत बसलो. बांधाच्या पलीकडे बाबांची गव्हाची पट्टी होती, ओंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या, आणि प्रत्येक ओंबीच्या कुसळांवर दव. पूर्वेकडून उजेड आला तसं ते सगळं पांढरं झालं, मग पिवळं. धुराचा एक पट्टा बांध ओलांडून तिकडे गेला आणि गव्हावर थबकला. मी आण्णांकडे बघितलं. ते गव्हाकडेच बघत होते.

"हसतोय का?" मी विचारलं.

"त्याला काय जातंय," आण्णा म्हणाले.

मग ऊन बागेत आलं. पिंक बेरीला आडकाठी म्हणून घडांना कागद बांधलेले होते. रद्दी किलोवर आणायची आणि एकेक घड गुंडाळायचा, हे आठवडाभराचं काम. दवाने कागद ओले होऊन घडाला चिकटले होते. आण्णा एकेक कागद जरासा उचलून आत बघत होते, झोपलेल्या पोराचं पांघरूण बाजूला करून ताप बघावा तसे. मी एका वेलीशी थांबले. तिथल्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'निफाडचा पारा घसरला'. खाली शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो. तारीख दवात विरघळली होती, कुठल्या वर्षीचा अंक ते कळेना.

"आण्णा, हे बघा."

ते आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं. कागदाची कड उचलून आतला घड बघितला. हिरवा होता.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि पुढच्या वेलीकडे गेले.